पहिला पडदा कोणत्या भाषेत?

शनिवारी दुपारी फोन वाजला. पेठेतल्या एका छोट्या पतसंस्थेच्या सर्व्हरची देखभाल मी करतो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, “सर, आमचं आपापसात सगळं चालतंय, पण सर्व्हरवरून बाहेर काहीच जात नाहीये. रात्रीचा बॅकअपपण गेला नाही.” आदल्या दिवशी जुना राऊटर काढून नवा बसवला गेला होता, हे कळल्यावर कारण उमगले. जुन्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, नव्याचा १९२.१६८.१.२५४. सर्व्हर अजून जुन्याच दारावर ठोठावत होता. मी लग्नासाठी साताऱ्यात होतो, आणि दुरून सर्व्हरमध्ये शिरायचा माझा रस्ताही त्याच बंद दारातून जात होता.

मॅडमनी कपाटातले बंद पाकीट फोडून पासवर्ड काढला. मी कमांड सांगितली: “एन नाशिकचा, एम मुंबईचा, टी तासगावचा, यू उरणचा, आय इंदापूरचा. आणि एंटर.” काळा पडदा निळा झाला, मध्ये राखाडी चौकट आली. “तीन ओळी दिसतायत,” त्या म्हणाल्या. “पहिलीवर एंटर मारा.” मग टॅब, खालचा बाण, पुन्हा टॅब. ‘गेटवे’ असे लिहिलेल्या रकान्यापाशी त्या थांबल्या. “हे गेटवे म्हणजे काय?” मी म्हणालो, “बाहेर जायचं दार. तिथे शेवटचा एक खोडून दोनशे चोपन्न लिहा.” त्यांनी लिहिले, ओके केले, जोडणी एकदा बंद करून पुन्हा सुरू केली. अकरा मिनिटांत सर्व्हर बाहेरच्या जगाशी बोलू लागला.

हे काम त्या दिवशी केले ते पाच अक्षरांच्या एका लहानशा साधनाने. संगणकाची मूलभूत घडी आणि नेटवर्क बसवण्यासाठी पर्यायांची यादी समोर ठेवणारी अशी साधने गेली चाळीस वर्षे आपल्यासोबत आहेत. त्यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, कारण काम झाले की ती बंद होतात. पण यंत्र आणि माणूस यांची पहिली ओळख त्यांच्याच पडद्यावर होते. म्हणून त्यांचा एकदा नीट आढावा घ्यावा असे मला वाटते. तो पुण्यात बसून घ्यायला एक खास कारण आहे, त्याकडे पुढे येतो.

नवे यंत्र आणि त्याला पडणारे प्रश्न

नुकत्याच सुरू झालेल्या सर्व्हरला स्वतःबद्दल काहीच ठाऊक नसते. आपले नाव काय, आपण कोणत्या देशात आहोत, इथे किती वाजले, समोरच्या माणसाचा कीबोर्ड कोणत्या मांडणीचा, आपला पत्ता काय, बाहेर जायचे दार कोणते, नावावरून पत्ता कोणाला विचारायचा, आपल्याला आज्ञा कोण देऊ शकतो, आणि वीज आल्यावर कोणती कामे आपणहून सुरू करायची. हे एवढेच प्रश्न. त्यांची उत्तरे मिळाली की बाकीचे सगळे दुरून करता येते.

ही उत्तरे द्यायचे तीन मार्ग आहेत. एक, कमांड टाइप करणे किंवा फायलीत हाताने ओळी लिहिणे. त्यासाठी कमांडचे नाव, तिचे पर्याय, फाइल कुठे असते आणि स्वल्पविराम कुठे द्यायचा हे पाठ असावे लागते. दोन, माऊसने चालणारी खिडक्यांची सजावट. तिला चित्रे काढणारी व्यवस्था लागते, आणि बऱ्याच सर्व्हरांवर ती मुद्दाम बसवलेली नसते. तिसरा मार्ग या दोघांच्या मधला: साध्या अक्षरी पडद्यावर पर्यायांची यादी, बाणाने किंवा आकड्याने निवड, आणि भरायला रकाने.

या तिसऱ्या मार्गाची खरी ताकद अशी, की त्यात प्रश्न यंत्राकडून येतात. माणसाला फक्त उत्तर माहीत असावे लागते. अनुभवी माणसाने नवख्यासाठी क्रमाने मांडून ठेवलेली ती प्रश्नावली असते. काय काय बदलता येते हे ती न विचारता दाखवते आणि सध्या काय आहे हेही सांगते. शिवाय ती फोनवरून वाचून दाखवता येते. खिडक्या आणि चित्रे फोनवर सांगणे अवघड, कमांडमधली रेघ आणि टिंब सांगणे त्याहून अवघड. ‘आठ नंबर दाबा’ मात्र कोणालाही कळते.

युनिक्सच्या टर्मिनलपासून रास्पबेरी पायपर्यंत

अक्षरी पडद्यावर चौकटी काढायची सोय १९८० च्या सुमारास बर्कलीत तयार झाली. केन आर्नल्ड यांनी लिहिलेल्या ‘कर्सेस’ या लायब्ररीमुळे प्रोग्रामला पडद्यावर हवे तिथे अक्षर ठेवता येऊ लागले, मग टर्मिनल कोणत्याही कंपनीचे असो. त्याआधी मजकूर एकाखाली एक सरकत जायचा, त्यात मेनू उभा राहणे कठीण होते.

मोठ्या कंपन्यांनी ही कल्पना उचलली. १९९० मध्ये आयबीएमने एआयएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर ‘स्मिट’ आणले. एचपीच्या युनिक्सवर ‘सॅम’ होते, एससीओ युनिक्सवर ‘सिसॅडमशेल’. आपल्याकडे १९८४ आणि १९८९ च्या रंगराजन समित्यांच्या अहवालांनंतर बँकांच्या संगणकीकरणाला वेग आला आणि युनिक्सची यंत्रे शाखाशाखांत पोचली. अशा ठिकाणी पूर्णवेळ तज्ज्ञ ठेवणे शक्य नसे. टर्मिनल जोडणे, प्रिंटरची रांग मोकळी करणे, टेपवर बॅकअप घेणे ही कामे मेनूवरून शाखेतला माणूसच करू शकला, की दिवस निभायचा.

पुण्याचा या साधनांशी संबंध नुसता वापरणाऱ्याचा नाही. साठवणुकीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटासचे मोठे अभियांत्रिकी केंद्र वर्षानुवर्षे पुण्यात होते. तिच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये ‘व्हीएक्स-डिस्क-ॲडम’ हा आकड्यांचा मेनू आहे. डिस्क जोडा, डिस्क काढा, बिघडलेली बदला, असे पर्याय तो देतो. त्यात एक सोय मला फार शहाणपणाची वाटते: एक प्रश्नचिन्ह दाबले की समोरच्या मेनूबद्दल मदत मिळते, दोन प्रश्नचिन्हे दाबली की मेनू वापरायचा कसा याचीच मदत मिळते. गोंधळलेल्या माणसाला यातली कोणतीही एक अडचण असू शकते, हे लिहिणाऱ्याने ओळखले होते.

लिनक्समध्ये ही परंपरा १९९३ च्या स्लॅकवेअरपासून दिसते. तिची उभारणी आणि नेटवर्क-मांडणी अक्षरी चौकटींतूनच होते. रेड हॅटने आपल्या इन्स्टॉलरसाठी ‘न्यूट’ नावाची लायब्ररी लिहिली. निळी पार्श्वभूमी, राखाडी चौकट आणि तिची सावली ही ओळखीची ठेवण तिथून आली. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत ‘सेटअप’ ही कमांड होती. तिच्यात नेटवर्क, फायरवॉल, कीबोर्ड, सेवा हे सगळे एका यादीत मिळायचे. २०१४ च्या सातव्या आवृत्तीत नेटवर्कसाठी तिची जागा ‘एनएमटीयूआय’ने घेतली. मॅडमनी वापरली ती हीच.

जर्मनीतल्या सुसे कंपनीचे ‘यास्ट’ या सगळ्यांत सर्वांत मोठे. ते १९९६ मध्ये आले आणि २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले. डिस्कच्या वाटणीपासून वेळेपर्यंत जवळजवळ सगळे त्यात होते, आणि तोच मेनू अक्षरी पडद्यावर व खिडकीत अशा दोन्ही रूपांत चालायचा. सुसेने आपल्या १६ व्या मालिकेत त्याला निरोप देऊन इन्स्टॉलेशनसाठी ‘अगामा’ आणि देखभालीसाठी ब्राउझरमधले ‘कॉकपिट’ स्वीकारले. जवळपास तीन दशकांचा तो अध्याय तिथे संपला.

आणि मग लहान यंत्र आले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय बाजारात आला आणि त्याच वर्षी त्याचा मेनू ‘रास्पी-कॉन्फिग’ही आला. पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या किती मुलामुलींनी आयुष्यात पहिल्यांदा लिनक्सला हात लावला तो याच निळ्या पडद्यावर.

इथे एक प्रसंग जवळून सांगतो, कारण शिकवताना तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. विद्यार्थी नवा पाय जोडतो, कीबोर्ड पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला साधाच. पासवर्डमध्ये ‘ॲट’चे चिन्ह आहे. तो शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबतो आणि पासवर्ड चुकीचा म्हणून यंत्र त्याला परत पाठवते. पासवर्ड पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे काय उमटले ते कळत नाही. कारण असे, की पायची मूळ मांडणी ब्रिटिश कीबोर्डची आहे आणि आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट आणि दोन म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह, आणि ‘ॲट’ मिळते अवतरणचिन्हाच्या कळीवर. मी मुलांना लॉगिनच्या नावाच्या जागी ते चिन्ह टाइप करून बघायला सांगतो, कारण तिथे ते दिसते. मग मेनूतल्या स्थानिकीकरणाच्या पर्यायात जाऊन कीबोर्ड बदलला की सगळे जागेवर येते. त्याच पानावर वायफायचा देश विचारलेला असतो. तो सांगितल्याशिवाय वायफाय सुरू होत नाही, कारण कोणत्या लहरींवर बोलायची परवानगी आहे हे देशादेशाला वेगळे असते. एका पानावर मुलगा दोन मोठ्या गोष्टी शिकतो: कळ आणि अक्षर यांचे नाते ठरवावे लागते, आणि हवेतल्या लहरींनाही कायदा असतो.

विंडोजही तिथेच आली

ज्या कंपनीने जगाला खिडक्यांची सवय लावली, तिलाही शेवटी अक्षरी मेनू द्यावा लागला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने खिडक्यांचा संसार काढून टाकलेली ‘सर्व्हर कोअर’ आवृत्ती आणली. सुरू झाल्यावर समोर फक्त काळी कमांडची चौकट. साधे यंत्राचे नाव बदलायचे तर लांबलचक कमांड आठवावी लागे. पुढच्याच २००८ आर-टू आवृत्तीत ‘एस-कॉन्फिग’ आला. एक नंबर डोमेन, दोन नंबर यंत्राचे नाव, आठ नंबर नेटवर्क, नऊ नंबर तारीख आणि वेळ. हा मेनू इतका उपयोगी ठरला की २०२२ च्या सर्व्हर कोअरमध्ये लॉगिन केल्यावर तोच आपणहून समोर येतो.

आभासी यंत्रे चालवणाऱ्या ईएसएक्सआयच्या पिवळ्या-राखाडी पडद्यावर एफ-टू दाबून नेटवर्क बसवतात. पीएफसेन्स या फायरवॉलला पडदा जोडला की आकड्यांची यादी येते: एक नंबरला जोडण्यांची वाटणी, दोन नंबरला पत्ता, सातला पिंग, आठला कमांडची चौकट. या दोन्हींचे रोजचे काम ब्राउझरमधूनच होते. तरीही हा पडदा त्यांनी ठेवला आहे, कारण ब्राउझरमधून पोचायला आधी नेटवर्क लागते आणि नेटवर्कच बसवायचे असेल तर ब्राउझर कुठून उघडणार? विहिरीतून पाणी काढायला पोहरा आधी विहिरीबाहेर असावा लागतो. तो पोहरा म्हणजे हा पडदा.

चांगला मेनू कसा ओळखायचा

इतकी साधने वापरल्यावर माझ्या मनात चार कसोट्या तयार झाल्या आहेत.

पहिली: मेनूने आपण काय केले ते सांगावे. यात स्मिटला तोड नाही. त्यात एफ-सिक्स दाबले की आपण भरलेल्या रकान्यांमधून बनलेली नेमकी कमांड दिसते. शिवाय चालवलेली प्रत्येक कमांड एका फायलीत उतरत जाते. आज मेनूतून केलेले काम उद्या तीच फाइल उघडून शिकता येते आणि परवा दहा यंत्रांवर चालवता येते. असा मेनू गुरूसारखा वागतो, तो आपल्याला स्वतःवर अवलंबून ठेवत नाही. नंतर आलेल्या बहुतेक साधनांनी हा गुण घेतला नाही, आणि ही मला या क्षेत्राची सर्वांत मोठी चूक वाटते.

दुसरी: मेनूने हाताने लिहिलेल्याचा मान ठेवावा. कोणीतरी फायलीत विचारपूर्वक ओळ लिहिलेली असते, शेजारी टीप लिहिलेली असते. मेनू उघडून ओके दाबले आणि ते सगळे पुसले गेले, तर त्या साधनावरचा विश्वास कायमचा उडतो. बरेच अनुभवी लोक मेनूला हात लावत नाहीत त्याचे खरे कारण हे आहे. मेनूने आधी आहे ते वाचावे, बदलायचे तेवढेच बदलावे.

तिसरी: बदल कधी लागू झाला हे स्पष्ट असावे. एनएमटीयूआयमध्ये पत्ता बदलून ओके केले तरी चालू जोडणी जुन्याच पत्त्यावर राहते. ती बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच नवा पत्ता लागतो. पडद्यावर हे कुठेही लिहिलेले नाही. माहीत नसलेला माणूस बदल झाला असे समजून निघून जातो, आणि महिन्याने वीज गेली-आली की यंत्र अचानक नव्या पत्त्यावर उभे राहते. तेव्हा महिन्यापूर्वीचा तो बदल कोणाच्या लक्षातही नसतो.

चौथी: चूक झाली तर परत फिरता यावे. दुरून जोडलेल्या यंत्राचा पत्ता बदलणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. उबुंटूच्या ‘नेटप्लॅन’मध्ये यावर सुंदर उपाय आहे: बदल करून पाहायची एक कमांड आहे, आणि १२० सेकंदांत तुम्ही पक्के केले नाही तर जुनी मांडणी परत येते. ज्युनिपरच्या राऊटरांतही अशी सोय आहे. ही सोय आज कमांडवाल्यांना मिळते. तिची खरी गरज आहे ती मेनू वापरणाऱ्या नवख्या माणसाला, आणि त्याला ती मिळत नाही.

मेनू कशाला, असे म्हणणारे

आजच्या मोठ्या कंपन्यांत मेनूला जागा उरलेली नाही, आणि त्यामागचा विचार योग्य आहे. दोनशे सर्व्हरांवर दोनशे वेळा बाण आणि टॅब दाबत बसणे चुकीचे. ‘अन्सिबल’सारखी साधने हवी ती मांडणी एका फायलीत लिहून घेतात आणि सगळ्या यंत्रांवर एकसारखी बसवतात. क्लाउडमधल्या यंत्राला ‘क्लाउड-इनिट’ जन्मतःच नाव, पत्ता आणि किल्ली देतो. फायलीत लिहिलेले वाचता येते, तपासता येते, कोणी कधी बदलले ते शोधता येते. मेनूतला बाण मात्र बहुधा कुठेच नोंदलेला नसतो. हिंजवडीत किंवा खराडीत काम करणाऱ्या तरुण अभियंत्याने वर्षभरात एकदाही असा मेनू उघडला नसेल, तर त्यात नवल नाही.

पण सगळे जग दोनशे सर्व्हरांचे नाही. पतसंस्था, शाळेची प्रयोगशाळा, सार्वजनिक वाचनालय, डॉक्टरांचा दवाखाना, भोसरीतला लहान कारखाना, सोसायटीचे कार्यालय या ठिकाणी एकच यंत्र असते आणि त्याची काळजी घेणारा माणूस मुळात दुसऱ्याच कामाचा असतो. वर्षातून दोनदा त्याची या पडद्याशी गाठ पडते. त्याने कमांड पाठ कराव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. मोठ्यांसाठी फायली आणि लहानांसाठी मेनू, अशी ही वाटणी आहे, आणि दोघांनाही आपापले साधन चांगले मिळायला हवे. स्मिटने तीसहून अधिक वर्षांपूर्वी दाखवले की मेनूतून फायलीकडे जाणारी पायरीही बांधता येते.

मराठी या पडद्यावर का येत नाही

आता पुण्यात बसून हा आढावा घेण्याचे कारण. हा मेनू ज्याच्यासाठी आहे त्या माणसाची भाषा मराठी आहे, आणि मेनू इंग्रजीत आहे. डेस्कटॉपवर मराठी येऊन पुष्कळ वर्षे झाली. सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्समध्ये मराठी आहे, फेडोरा, उबुंटू, डेबियनमध्ये आहे. पण त्याच यंत्राचा अक्षरी पडदा उघडला की मराठी नाहीशी होते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी निवडता येते, ती फक्त चित्रमय रूपात. रेड हॅट आणि फेडोराच्या इन्स्टॉलरमध्ये अनेक वर्षे असे होते की मराठी निवडून अक्षरी रूपात गेलात, तर ही भाषा इथे दाखवता येत नाही, पुढचे काम इंग्रजीत होईल असा संदेश यायचा.

याचे कारण पडद्याच्या रचनेत आहे. लिनक्सचा जुना अक्षरी पडदा म्हणजे सारख्या चौकटींची जाळी. एका चौकटीत एक अक्षर, आणि एकूण अक्षराकृती जास्तीत जास्त ५१२. इंग्रजीला एवढे पुरून उरते. देवनागरीचे तसे नाही. ‘निवडा’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मरणात आधी ‘न’ येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ‘सर्व्हर’ घ्या. स्मरणात सात संकेत आहेत: स, र, हलन्त, व, हलन्त, ह, र. पडद्यावर त्यांची तीन अक्षरे होतात, आणि मधल्या जोडाक्षराच्या डोक्यावर रफार चढतो. एका चौकटीत एक संकेत ठेवणाऱ्या पडद्याला हे जमत नाही. त्यात आणखी एक गोम: कोणते अक्षर किती चौकटी व्यापते याबद्दल प्रोग्राम आणि टर्मिनल यांचे एकमत नसेल तर मेनूच्या चौकटीची उजवी कड वाकडीतिकडी होते. सुंदर आखलेला फॉर्म विस्कटून जातो.

हे होणारच, असे मात्र समजायचे कारण नाही. याच शहराने हा प्रश्न एकदा सोडवला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसायचे. ‘इस्की’ या भारतीय संकेतात आलेला मजकूर ते कार्ड स्वतः जोडाक्षरांसह पडद्यावर मांडायचे. त्यामुळे डॉसवरचे अक्षरी प्रोग्राम मुळातून न बदलता देवनागरीत चालत. युनिक्सच्या यंत्रांसाठी जिस्ट टर्मिनल होते. इस्की संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला, आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्याच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. म्हणजे ज्या काळात पडदा फक्त अक्षरांचाच होता, त्या काळात त्यावर मराठी होती. पुढे खिडक्यांचे युग आले, सगळे लक्ष तिकडे गेले, आणि मागे राहिलेल्या अक्षरी पडद्यावरची मराठी कोणी पुढे नेली नाही.

नंतरच्या काळातही पुण्याचा हात आहेच. ‘लोहित’ या मुक्त फाँटकुटुंबाचे मूळ फाँट ‘श्रीलिपी’वाल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आले, रेड हॅटने ते खुले केले, आणि रेड हॅटच्या पुणे कार्यालयात त्यांची जोपासना व मराठी भाषांतराचे काम चालले. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’ संमेलनात आणि पुण्याच्या लिनक्स वापरकर्त्यांच्या गटात किती तरुणांनी मुक्त सॉफ्टवेअरचे पहिले धडे घेतले. फाँट आहेत, अक्षरे जुळवणारे ‘हार्फबझ’सारखे मुक्त इंजिन आहे, भाषांतराची सवय असलेली माणसे आहेत. ‘एमएलटर्म’सारखी काही टर्मिनले भारतीय लिप्यांचा विचार करतात. जुन्या पडद्याची जागा घेऊ शकेल असे ‘केएमएसकॉन’ही लिहिले गेले आहे, आणि ते ५१२ आकृत्यांच्या मर्यादेत अडकलेले नाही. सुटी अवजारे तयार आहेत, ती एकत्र आणायचे काम बाकी आहे.

आपल्याला काय करता येईल

पहिले काम पडद्याचे. अक्षरी पडद्यावर देवनागरी शब्द अखंड दिसावा आणि मेनूची कड सरळ राहावी एवढेच मर्यादित ध्येय घेऊन सीओईपी, पीआयसीटी यांसारख्या संस्थांतल्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांनी हात घातला, तर चार-पाच वर्षांत मोठा पल्ला गाठता येईल. हे काम एकट्या मराठीचे राहणार नाही. हिंदी, बंगाली, तमिळ, मल्याळम अशा साऱ्या भाषांचा माणूस त्याच पडद्यासमोर बसलेला आहे.

दुसरे काम शब्दांचे, आणि तिथे मला फार काळजी वाटते. मराठी मेनू आला आणि त्यात ‘प्रवेशद्वार संगणक’, ‘आंतरजाल शिष्टाचार पत्ता’ असे शब्द आले, तर मॅडम तो बंद करून इंग्रजीकडे परत जातील आणि त्यांचे बरोबरच असेल. सर्व्हर, राऊटर, पासवर्ड, गेटवे हे शब्द आता मराठीत राहायला आले आहेत. त्यांना हात लावू नये. भाषांतर करायचे ते क्रियापदांचे आणि समजुतीच्या वाक्यांचे: बदला, परत जा, जोडणी पुन्हा सुरू करा, हा बदल अजून लागू झालेला नाही. माणूस अडतो तो या वाक्यांपाशी.

तिसरे काम आज, या आठवड्यात करता येण्यासारखे आहे. ज्या कार्यालयात सर्व्हर आहे तिथे त्याच्या शेजारी मराठीत एक कागद लावावा: यंत्राचे नाव, पत्ता, गेटवे, मेनूची कमांड, आणि कोणत्या ओळीवर काय करायचे. बदल केला की तारीख टाकून खाली नोंदवावा. मेनू जे टिपून ठेवत नाही ते कागद टिपून ठेवतो.

सोमवारी मी त्या पतसंस्थेत गेलो, हा कागद लावायलाच. मॅडमनी टेबलाच्या खणातून एक लाल पुठ्ठ्याची वही काढली. शनिवारी माझ्याशी बोलता बोलता त्यांनी सगळे उतरवून घेतले होते. ‘पहिल्या ओळीवर एंटर. टॅब दोनदा. गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, नवा राऊटर आला की बदलायचं. ओके केलं तरी होत नाही, बंद करून परत चालू करावं लागतं.’ मी माझा छापलेला कागद बॅगेतच ठेवला आणि त्यांच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स काढून सर्व्हरशेजारी चिकटवली. मराठी मेनूचे भाषांतर ज्या दिवशी हातात घेऊ, त्या दिवशी सुरुवात त्या पानापासून करायची.